आडनाव एक, नोंदी पाच : लेखणी कुणाच्या हातात होती?

जात पडताळणीची फाईल तयार करताना आपल्या घरात हमखास एक प्रसंग घडतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'कांबळे', वडिलांच्या सातबाऱ्यावर 'कांबले', पणजोबांच्या नोंदीत आडनावच नाही, नुसते 'रामा बिन भिवा महार'. मग कुणीतरी म्हणतो, "आपले म्हातारे अडाणी होते, त्यांना नीट नाव सांगता आलं नाही."

हे खोटे आहे. आपल्या पूर्वजांना स्वतःचे नाव ठाऊक होते, पण ते लिहिण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. कुलकर्णी, तलाठी, मास्तर, इंग्रज साहेबाचा कारकून यांनी जे ऐकले, जे ऐकावेसे वाटले, ते लिहिले. म्हणून आडनावातला हा गोंधळ आपल्या अज्ञानाचा पुरावा नाही. लेखणी कुणाच्या हातात होती याचा तो पुरावा आहे.

सर्वांना माहीत असलेले उदाहरण घेऊ. बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. घराण्याचे आडनाव सकपाळ. गावावरून झाले आंबडवेकर. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. म्हणजे एकाच घराण्याची तीन आडनावे, आणि नावही 'भीमराव' नव्हे तर 'भिवा'. उद्या एखादा संशोधक फक्त 'आंबेडकर' हा शब्द घेऊन मालोजी आजोबांपर्यंत जायला निघाला, तर तो रस्त्यातच थांबेल. त्यातही 'सकपाळ' काही ठिकाणी 'संकपाळ' लिहिलेले आढळते आणि घाईत वाचणारा त्याचे 'सपकाळ' करतो, जे वेगळेच आडनाव आहे. बाबासाहेबांच्या बाबतीत हे घडते, तर आपल्या घराण्याचे काय?

आता हे बदल होतात कसे, ते समजून घेऊ. कारण समजले की अर्धा शोध पूर्ण होतो.

पहिले कारण, आडनाव नसणे. जुन्या नोंदीत माणूस बापाच्या नावाने ओळखला जाई. 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. कोरेगावच्या विजयस्तंभावर महार शिपायांची नावे 'नाक' या शेवटाची आहेत. तिथे आजचे आडनाव शोधू नका, सापडणार नाही.

दुसरे कारण, लिपी. जुनी कोतवाल बुके आणि जमिनीचे कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत, अनुस्वार अनेकदा गळतो. त्यामुळे 'कांबळे'चे 'काबळे' होणे ही लेखनाची रीत आहे, वेगळे घराणे नव्हे.

तिसरे कारण, राज्य. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथला कारभार उर्दूत चाले. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, 'ळ' आणि 'ण' यांना स्वतंत्र अक्षर नाही. मग 'साळवे'चे 'सालवे' आणि 'सोनवणे'चे 'सोनवने' झाले तर नवल काय? विदर्भ मध्य प्रांतात असल्यामुळे तिथल्या कागदांवर हिंदी-इंग्रजीची छाया आहे.

चौथे कारण इंग्रजी, आणि ते आजही चालू आहे. 'काळे' आणि 'काले' इंग्रजीत एकाच चार अक्षरांत लिहितात. वासनिक, वाघमारे यांचा 'व' कधी डब्ल्यूने तर कधी व्हीने. इंग्रजीवरून पुन्हा मराठी करताना 'ळ' गेलेला असतो तो परत येत नाही.

मग करायचे काय?

एक, आडनावाऐवजी गाव धरा. गाव, बापाचे नाव, आज्याचे नाव आणि वतन या चार गोष्टी जुळल्या तर आडनावाचा फरक किरकोळ ठरतो. महार वतनाच्या जमिनीच्या नोंदी इथे फार उपयोगी आहेत. ज्या वतनाला बाबासाहेबांनी गुलामीचा फास मानले, ज्याविरुद्ध 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, त्याच वतनाच्या कागदांत आपल्या पूर्वजांची नावे आणि वाटण्या आहेत. वतन गेले ते चांगलेच झाले, पण कागद सोडू नका.

दोन, नोंद जशी आहे तशीच उतरवा. 'काबळे' दिसले तर वहीत 'काबळे'च लिहा, शेजारी वर्ष आणि कार्यालय लिहा. स्वतःच्या मनाने दुरुस्त केलेली नोंद पुढे पुरावा म्हणून मरते.

तीन, सगळ्या रूपांची यादी करा आणि कालक्रमाने लावा. कोणत्या वर्षी, कोणत्या कागदात रूप बदलले हे दिसले की साखळी जुळते. 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे आजचे प्रतिज्ञापत्र लागतेच, पण वजन जुन्या कागदाला असते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 ही तारीख महत्त्वाची आहे, तिच्या आधीचा पुरावा आधी शोधा.

चार, बायांना विचारा. आत्या, आजी यांना कोण कुठे दिली, कुणाच्या घरातून आली हे तोंडपाठ असते. सरकारी कागदाने 'कोम' म्हणून ज्यांचे माहेर पुसून टाकले, त्यांच्याच आठवणीत घराण्याचा अर्धा इतिहास आहे. ही पिढी जाण्याआधी लिहून घ्या.

आता एक सावधानतेचा इशारा. आडनाव जुळले म्हणून घराणे जुळत नाही. कांबळे अनेक जातींत आहेत, गायकवाड, जाधव, मोरे तर मराठ्यांतही आहेत. कांबळे आणि कोकणातले कांबळी एक नव्हेत. नुसत्या आडनावावरून राजघराण्याशी नाते जोडणारी वंशावळ कुणी विकत असेल, तर तिला हात लावू नका. आपल्याला मोठेपणा उसना घ्यायची गरज नाही. ज्यांनी 1956 साली धम्म स्वीकारून जातीची ओळख नाकारली, त्यांच्या वारसांनी कुळाचा अभिमान मिरवण्यासाठी वंशावळ काढू नये.

मग काढायची कशाला? एक, हक्कासाठी : एका अक्षराच्या फरकावर पोराचा प्रवेश अडतो, नोकरी टांगणीला लागते. दुसरे, इतिहासासाठी : गाव सोडून कोण गिरणीत गेले, कोण पलटणीत गेले, कोण पहिल्यांदा शाळेच्या पटावर चढले, हे या वाकड्यातिकड्या नोंदीच सांगतात. दुसऱ्यांनी चुकीचे लिहिलेले आपले नाव पुराव्यासकट नीट लावणे, हे लेखणी आपल्या हातात घेण्याचेच काम आहे.

येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक वही बरोबर न्या.

जय भीम!