व्यायामापूर्वी हृदयतपासणी : कोणाला आवश्यक, कोणती पुरेशी

चेन्नई : दरवर्षी जानेवारीत चेन्नईत मॅरेथॉन होते. तिच्या आधीचे काही महिने मरीना आणि बेझंट नगरच्या किनाऱ्यांवर पहाटेपासून धावणाऱ्यांची वर्दळ असते. त्यांत वर्षानुवर्षे सराव करणारे असतात, तसेच बैठ्या नोकरीत उमेदीची वर्षे घालवून चाळिशीत प्रथमच धावू लागलेलेही असतात. या दुसऱ्या गटापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : व्यायाम सुरू करण्यापूर्वी किंवा वाढवण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी का?

काही घटनांमुळे या प्रश्नाला धार आली आहे. माजी क्रिकेट कर्णधार सौरव गांगुली यांना जानेवारी २०२१ मध्ये व्यायाम करताना अस्वस्थ वाटू लागले आणि त्यांच्यावर अँजिओप्लास्टी करावी लागली. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी निधन झाले. विनोदी कलावंत राजू श्रीवास्तव ऑगस्ट २०२२ मध्ये व्यायामशाळेत ट्रेडमिलवर कोसळले. अशा बातम्यांनंतर काही जण व्यायामच सोडून देतात, तर काही जण महागड्या तपासण्या करून निर्धास्त होतात. या दोन्ही प्रतिक्रिया योग्य नाहीत.

धोका किती?

अमेरिकेतील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन शर्यतींचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१० या काळातील सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींपैकी ५९ जणांचे हृदय अचानक बंद पडले आणि त्यांतील ४२ जण दगावले. थोडक्यात, लाखामागे एकालाही हा धोका नव्हता. याउलट, नियमित हालचालीचा लाभ फार मोठा आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी आहार सुधारल्यावर व चालणे वाढवल्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले.

तीन प्रश्न

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २०१५ मध्ये सुधारलेल्या शिफारशी तीन प्रश्नांवर आधारलेल्या आहेत. व्यक्ती सध्या नियमित व्यायाम करते का? तिला हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, अथवा तशी लक्षणे जाणवतात का? आणि तिला किती जोमाचा व्यायाम करायचा आहे?

यांपैकी कोणताही विकार वा लक्षण नसलेल्या व्यक्तीला चालण्यासारख्या हलक्या किंवा मध्यम व्यायामासाठी डॉक्टरांच्या परवानगीची गरज नाही. तिने हळूहळू प्रमाण वाढवावे. विकार असलेल्या पण आजवर बैठे जीवन जगलेल्या व्यक्तीने आरंभापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विकार असूनही नियमित चालणाऱ्या व्यक्तीने धावणे किंवा वजन उचलण्याचा जोरकस व्यायाम सुरू करण्यापूर्वी तो घ्यावा. लक्षणे जाणवत असतील, तर मात्र व्यायाम थांबवून प्रथम तपासणी करावी.

‘मला काही नाही’ याची खात्री

भारतात यातील दुसरा प्रश्न फसवा ठरतो, कारण अनेकांना आपला विकार ठाऊकच नसतो. चेन्नईस्थित मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसमवेत केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून, ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. याच शहरातील २००१ च्या एका अभ्यासात सुमारे ११ टक्के प्रौढांत हृदयधमनीविकार आढळला. मधुमेहींमध्ये ते प्रमाण २१ टक्क्यांच्या वर होते. शिवाय मधुमेहींना छातीत वेदना न जाणवताही हा विकार असू शकतो. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षे आधी येतो, असे ‘इंटरहार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले आहे.

म्हणूनच सर्वांत स्वस्त तपासण्या सर्वांत मोलाच्या ठरतात : रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा मानला जातो. तमिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ या योजनेत आरोग्यसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब व साखर तपासतात.

कुटुंबात कोणाचा अल्पवयात आकस्मिक मृत्यू झाला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तरुणांत अशा मृत्यूमागे अनेकदा हृदयाच्या स्नायूंचा आनुवंशिक विकार असतो. त्याचा सुगावा ईसीजी व टूडी इको या तपासण्यांत लागू शकतो. मध्यमवयानंतर मुख्य कारण धमन्यांतील अडथळे हे असते.

अहवालाची मर्यादा

ट्रेडमिल चाचणीत रक्तप्रवाह रोखणारे मोठे अडथळे कळतात. मात्र धमनीतील लहानसा चरबीचा थर अचानक फुटून त्यावर गुठळी धरली, तरीही झटका येऊ शकतो आणि असा थर या चाचणीतून निसटतो. दुसरीकडे, धोका कमी असलेल्यांमध्ये ही चाचणी विनाकारण सदोष दिसू शकते व त्यातून पुढील अनावश्यक तपासण्या ओढवतात. त्यामुळे ती सरसकट न करता डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. अहवाल चांगला आला, तरी पुढे जाणवणाऱ्या लक्षणांकडे दुर्लक्ष करता कामा नये.

श्रम करताना छातीत दडपण येणे, वेदना जबडा, खांदा वा डाव्या हातात जाणे, नेहमीपेक्षा अधिक धाप लागणे, भोवळ येणे, हृदयाची अनियमित धडधड ही लक्षणे जाणवताच थांबावे. त्यांवर ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून वेळ दवडू नये. ताप असताना व्यायाम टाळावा. चेन्नई किंवा मुंबईसारख्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर तापते आणि तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके अधिक वाढतात. तेथे नवख्यांनी वेग कमीच ठेवावा.

सोबत्यांची तयारी

अमेरिकेतील शर्यतींचा पुढचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० ते २०२३ या काळात हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच राहिले; मृत्यूचे प्रमाण मात्र सुमारे निम्म्यावर आले. तत्काळ दिलेला सीपीआर आणि हृदयाला विजेचा झटका देणारी एईडी यंत्रे यांचा त्यात मोठा वाटा असल्याचे मानले जाते. कोणी कोसळून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर कळवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक मिनिटाच्या विलंबागणिक जगण्याची शक्यता घटत जाते. व्यायामशाळांनी व धावण्याच्या गटांनी हे प्रशिक्षण आपल्या सरावाचाच भाग मानायला हवे.