देखणी की सोयीची? वेबसाइटच्या कायापालटाला मार्क कोण देतं

१९९५ साली हिताची कंपनीच्या डिझाइन सेंटरमधल्या मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा या दोन संशोधकांनी एटीएमचे २६ वेगवेगळे स्क्रीन घेतले. बटणं तीच, कामंही तीच, फक्त मांडणी वेगळी. आकड्यांची पाटी कुठे डावीकडे, कुठे मधोमध, कुठे कोपऱ्यात. हे स्क्रीन त्यांनी २५२ लोकांना दाखवले आणि प्रत्येकाबद्दल दोन प्रश्न विचारले. हा किती सुंदर दिसतो? आणि हा वापरायला किती सोपा वाटतो?

गंमत अशी, की कुणीही त्यातलं एकही बटण दाबलेलं नव्हतं. तरी सगळ्यांनी सोपेपणाचे मार्क बिनधास्त देऊन टाकले. जे स्क्रीन सुंदर वाटले, तेच बहुतेकांना सोपेही वाटले. खरोखर सोय ज्या गोष्टींनी वाढते (बटणांचा क्रम, हाताच्या जवळ काय आहे, चूक होऊ नये म्हणून काय दूर ठेवलंय) त्यांचा या मार्कांशी फारच थोडा संबंध निघाला. सोपं असणं आणि सोपं दिसणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे इतकं स्वच्छ मांडणारा हा सुरुवातीचा प्रयोग.

इस्रायलमधल्या नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना हे पटलं नाही. त्यांना वाटलं, जपानी माणसाला सौंदर्याचं वेड, म्हणून तिथे असं झालं असेल. इस्रायली माणूस रोखठोक, तो काही देखणेपणाला भुलणार नाही. त्यांनी १९९७ मध्ये तोच प्रयोग आपल्या देशात केला. तिथे सौंदर्य आणि सोपेपणाचं नातं जपानपेक्षाही घट्ट निघालं! २००० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुढची पायरी गाठली. या वेळी लोकांनी कॉम्प्युटरवर उभं केलेलं एटीएम खरंच वापरलं आणि त्यातल्या काहींच्या वाट्याला मुद्दाम रखडणारं, त्रास देणारं मशीन आलं. वापरून झाल्यावर मत विचारलं, तरी सोपेपणाचे मार्क देखणेपणाच्याच मागे गेले. ज्याने प्रत्यक्ष त्रास सोसला, त्याच्याही मतात त्या त्रासाचा हिशेब नीट उतरला नव्हता.

वेबसाइटचा कायापालट झाला, की 'कसा झालाय?' हा प्रश्न आपण ज्या पद्धतीने विचारतो, त्या पद्धतीलाच या प्रयोगाने सुरुंग लावलाय असं मला वाटतं. कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीतला डेमो आठवा. मोठा स्क्रीन, एसी खोली, सुसाट इंटरनेट. जुनं पान डावीकडे, नवं उजवीकडे. कुणीतरी म्हणतं, 'क्लीन वाटतंय.' मान डोलतात. कॅनडातल्या गिट लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की वेबपान दिसायला आवडलं की नाही, हे माणसाचं ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात ठरू शकतं. म्हणजे डेमोतला बाकीचा पाऊण तास आपण आधीच झालेल्या मताला कारणं शोधत असतो.

उलट्या बाजूचं टोकही होऊन गेलंय. याकोब निल्सन या डॅनिश तज्ज्ञाने १९९० मध्ये रोल्फ मोलिक यांच्यासोबत स्क्रीन तपासण्याची एक साधी पद्धत मांडली आणि १९९४ पर्यंत तिचे दहा नियम पक्के केले. आजही इंटरव्ह्यूला जाणारे डिझायनर ते पाठ करतात. त्या दहांत सौंदर्याच्या वाट्याला जेमतेम एक नियम, आणि तोही 'कमीत कमी ठेवा' या अटीसकट. निल्सन यांची स्वतःची वेबसाइट वर्षानुवर्षं चित्रांशिवाय, निव्वळ मजकुराची होती. डिझायनर मंडळी तिची टिंगल करायची. पण फ्लॅशच्या नाचऱ्या पानांवर ते २००० साली तुटून पडले, तेव्हा त्यांच्या हातात ताजं उदाहरण होतं. बू डॉट कॉम हे कपड्यांचं चकचकीत ऑनलाइन दुकान नोव्हेंबर १९९९ मध्ये उघडलं आणि मे २००० मध्ये बंद पडलं. गिऱ्हाइकाशी बोलणारी एक ॲनिमेटेड सेल्सगर्लसुद्धा त्यात होती. घरोघरी डायल-अप मोडेम असताना हे दुकान उघडायलाच इतका वेळ लागायचा, की गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं. बुडण्याची कारणं अर्थात आणखीही होती. पैसा पाण्यासारखा वाहिला होता.

गूगलने तिसरा रस्ता धरला. मतं नकोत, मोजमाप करा. लिंकसाठी कोणता निळा, हे ठरवायला निळ्याच्या ४१ छटा तपासल्या गेल्याचं प्रकरण प्रसिद्ध आहे. तिथले डिझायनर डग्लस बोमन २००९ मध्ये नोकरी सोडताना याच गोष्टीला वैतागले होते. एखादी रेघ ३ पिक्सेलची असावी की ५ ची, हेही पुराव्यानिशी सिद्ध करा म्हटल्यावर माणूस कंटाळणारच. मला त्यांचं दुःख समजतं, पण पूर्ण पटत नाही. अडचण मोजण्यात नव्हती. क्लिक मोजता येतात म्हणून तेवढेच मोजायचे, यात होती.

कारण कायापालट फसतो तो बऱ्याचदा रंगांमुळे नाही. डिग बघा. २००० च्या दशकातली ही बातम्यांची लाडकी साइट. वाचकांनी दुवे टाकायचे, वाचकांनीच मतं देऊन वर चढवायचे. २५ ऑगस्ट २०१० ला तिची चौथी आवृत्ती आली. दिसायला काही वाईट नव्हती. पण नावडती बातमी खाली ढकलण्याचं 'बरी' बटण गायब झालं होतं आणि मोठ्या प्रकाशकांना आपल्या बातम्या आपोआप आत ओतायची सोय मिळाली होती. ज्यांनी साइट उभी केली, त्यांच्या हातातली सूत्रंच काढून घेतली होती. शिवाय ती सारखी बंद पडायची. चिडलेल्या वाचकांनी डिगचं पहिलं पान प्रतिस्पर्धी रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकलं आणि हजारो जण तिकडेच राहायला गेले. २०१२ मध्ये डिग विकली गेली, तेव्हा नाव आणि साइटची किंमत पाच लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. या कायापालटाचे निव्वळ स्क्रीनशॉट समोर ठेवले असते, तर कुठल्याही परीक्षकाने त्याला पास केलं असतं. काय काढलंय, हे स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

काढून टाकूनच जिंकलेली साइटही आहे, आणि ती चक्क सरकारी आहे.

ब्रिटनमध्ये २००४ पासून नागरिकांसाठी डायरेक्टगव्ह नावाची साइट होती. धंदेवाल्यांसाठी वेगळी, खात्याखात्यांच्या आणखी शेकडो वेगळ्या. २०१० मध्ये मार्था लेन फॉक्स यांनी सरकारला अहवाल दिला. डागडुजी नको, मुळातून बदला, असा त्याचा सूर. मग एका छोट्या तुकडीने मे २०११ मध्ये नमुना दाखवला आणि १७ ऑक्टोबर २०१२ ला गव्ह डॉट यूके सुरू झाली.

त्यांनी कामाची सुरुवात रंगसंगतीने केली नाही. लोक इथे कशासाठी येतात, याची यादी केली. लोक येतात बँक हॉलिडे कधी आहे ते बघायला. तर त्या पानावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात पुढच्या सुट्टीची तारीख. मंत्र्यांचा फोटो नाही, स्वागतपर संदेश नाही. जुन्या साइटवर मधमाश्या पाळण्याचीही माहिती होती. ती काढली, कारण ते मधपाळांच्या संघटना जास्त चांगलं सांगतात. सरकारने तेच लिहावं, जे फक्त सरकारच सांगू शकतं. अक्षरांसाठी त्यांनी न्यू ट्रान्सपोर्ट हा टाइपफेस घेतला. ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवलेल्या अक्षरांचं हे नवं रूप. भरधाव गाडीतून वाचता यावीत म्हणून जन्मलेली ही अक्षरं घाईतल्या माणसाच्या स्क्रीनवर आली, यापेक्षा नेमकी निवड मला सुचत नाही.

दिसायला साइट म्हणाल तर पांढरी पाटी. काळी अक्षरं, निळे दुवे. आणि एप्रिल २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने तिला 'डिझाइन ऑफ द इयर' दिलं. स्पर्धेत कोण होतं? रेन्झो पियानो यांची शार्ड ही गगनचुंबी इमारत. लंडन ऑलिम्पिकसाठी थॉमस हेदरविक यांनी घडवलेला अग्निकुंड. त्यांना मागे टाकून एक फॉर्म भरायची साइट जिंकली. बघून नव्हे तर वापरून मार्क दिले, तर निकाल कसा बदलतो, त्याचं इतकं ठसठशीत उदाहरण क्वचितच मिळेल. आणि ही माणसं रुक्षही नव्हती. सुट्टीच्या दिवशी त्या बँक हॉलिडेच्या पानावर रंगीत पताका झळकतात.

आपल्याकडचा हिशेब थोडा वेगळा आहे. मराठी वेबचं पहिलं दशक दिसणं आणि वाचता येणं यांच्या भांडणात गेलं. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा. तो नसेल तर पानभर चौकोन आणि अगम्य चिन्हं. मजकूर शोधता येत नसे, कॉपी करता येत नसे. युनिकोड आलं तेव्हा आधीची घोटीव अक्षरं गेली, सुरुवातीचं देवनागरी अंमळ ओबडधोबड दिसायचं. पण शोधलं तर सापडायला लागलं. देखणेपणात तोटा आणि सोयीत प्रचंड फायदा, असा हा कायापालट. त्याला कुणी बक्षीस दिलं नाही.

सरकारी साइटसाठी आपल्याकडे २००९ पासून मार्गदर्शक नियमावली आहे आणि तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. तरी सर्वांत महत्त्वाचा बदल मला विचाराल तर मी रेल्वेचं नाव घेईन. २०१८ मध्ये आयआरसीटीसीची नवी साइट आली, तेव्हा चर्चा झाली तिच्या रंगरूपाची. पण लॉगिन न करता गाडीत जागा आहे का, हे बघता यायला लागलं, ही खरी बातमी होती. गणपतीला कोकणात जायची धडपड ज्याने केलीय, त्याला पासवर्ड आणि कॅप्चाची ती एक पायरी गळण्याची किंमत कळेल. स्क्रीनशॉटमध्ये तीही दिसत नाही.

देखणेपणाला मार्क देऊच नयेत, असं यातून काढायची घाई मात्र नको. २०१२ मध्ये अलेक्झांडर टुख आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन दुकानाची चार रूपं बनवून लोकांकडून प्रत्यक्ष खरेदी करवली. तिथे ट्रॅक्टिन्स्कींच्या उलट निघालं. सुंदर दुकान सोपं वाटलं नाही, पण गैरसोयीच्या दुकानाने लोकांना इतकं वैतागवलं, की नंतर ते त्यांना दिसायलाही कमी आवडलं. दोन्ही प्रयोग एकाच वेळी खरे असू शकतात. एटीएमवर माणूस काही मिनिटं असतो. दुकानात वस्तू शोधत भटकावं लागतं, आणि भटकून भटकून पाय दुखले, की दुकानाचं झुंबरही टोचायला लागतं. म्हणून कायापालटाचं परीक्षण कधी करायचं, हाही प्रश्नच आहे. पहिल्या दिवशीचा आरडाओरडा बऱ्याचदा सवयीचा असतो. २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं तेव्हा त्याविरुद्ध फेसबुकवरच लाखोंचे गट उभे राहिले, आणि पुढे त्याच फीडवर साऱ्यांचे दिवस जाऊ लागले. डिगच्या वाचकांचा आरडाओरडाही पहिल्या दिवशी अगदी तसाच ऐकू आला असणार.

जून २०२५ मध्ये गव्ह डॉट यूकेचं बोधचिन्ह बदललं. नावातला ठिपका खालून उचलून मधल्या उंचीवर नेला आणि त्याला फिरोजी रंग दिला. वर्तमानपत्रांनी खर्चाचे आकडे छापून एका ठिपक्याची यथेच्छ खिल्ली उडवली. पुढची सुट्टी कधी आहे ते मात्र त्या पानावर अजूनही सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं.