वाळवंटातली आगगाडी आणि एक सामाईक फडताळ

कतारमध्ये दोहा मेट्रो सुरू झाली ८ मे २०१९ रोजी. आमच्या घरात मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून गाड्या धावत होत्या. त्या धावायच्या संगणकाच्या पडद्यावर, ‘ओपनटीटीडी’ नावाच्या गेममध्ये. लोकल सोडून परदेशी आलेल्या माणसाला रूळ कुठेतरी लागतातच. आज सांगायचंय ते मात्र गाड्यांबद्दल नाही, त्या गेममधल्या एका बटणाबद्दल. नवे डबे, नवी इंजिनं, नवे नकाशे गेममध्येच शोधायचे, निवडायचे आणि बसवायचे, ही सोय तुमच्या मुलांना जन्मजात वाटते. ती तशी नव्हती.

मूळ गेम ‘ट्रान्सपोर्ट टायकून’. ख्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रामरने तो लिहिला, मायक्रोप्रोजने १९९४ मध्ये विकायला आणला. पुढच्याच वर्षी त्याची ‘डिलक्स’ आवृत्ती आली. तिच्यात उष्ण प्रदेशाचा एक नकाशा आहे आणि त्यात एक नियम: वाळवंटातलं गाव अन्न आणि पाणी दोन्ही पोचल्याशिवाय वाढत नाही. जून २०१७ मध्ये कतारची जमिनीवरची एकुलती एक सीमा बंद झाली, तेव्हा दुकानांतली दुधाची रिकामी फडताळं तुम्ही पाहिली असतील, तर हा नियम तुम्हाला समजावून सांगायला नको.

त्या काळी गेममध्ये भर घालायची तर दुकानातून आणखी एक खोकं विकत आणायचं. या गेमचाही ‘वर्ल्ड एडिटर’ असा वेगळा विकला गेला. त्यात मंगळासारखी दिसणारी भूमीसुद्धा होती. मग हौशी लोक पुढे सरसावले. जोसेफ ड्रेक्सलर यांच्या ‘टीटीडीपॅच’ने गेमचा मूळ कोड हाताशी नसताना बाहेरून त्यात बदल करून दाखवले. त्यातूनच ‘न्यूजीआरएफ’ फाइली आल्या. एका फाइलीत एखाद्या देशाची इंजिनं, दुसरीत पूल, तिसरीत घरं.

पण त्या बसवणं म्हणजे व्रतच. आधी फाइल कुठे मिळते ते शोधा, ती उतरवून घ्या, उलगडा, बरोबर फोल्डरमध्ये ठेवा, मग एका यादीत तिचं नाव नेमक्या क्रमाने लिहा. एक अक्षर चुकलं की इंजिन गायब. कतारमध्ये इंटरनेट आलं १९९६ मध्ये, आणि सुरुवातीची वर्षं टेलिफोनच्या तारेवरची. डाउनलोड नव्वद टक्क्यांवर आलं की नेमका कुणाचा तरी फोन यायचा. म्हणून आमची पॅकं यायची पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत, मेतकूट आणि दिवाळी अंकांच्या मध्ये दडवलेल्या सीडीवर. कोणी येणार नसेल, तर पॅक नाही.

२००४ मध्ये लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश प्रोग्रामरने ‘ओपनटीटीडी’ जगापुढे ठेवला: तोच गेम नव्याने लिहिलेला आणि कोड सगळ्यांना खुला. तरी चित्रांसाठी मूळ सीडी लागायचीच. मग एप्रिल २००९ मध्ये ०.७.० ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ते बटण. मागच्या साठवणीला नाव दिलं होतं ‘बनानाज’. वर्षभराने, १ एप्रिल २०१० ला, १.० आवृत्ती आली तोवर ‘ओपनजीएफएक्स’सारखी मोफत चित्रं आणि आवाजही तयार झाले होते. सीडीची गरज संपली, आणि बॅगेचीही.

एकदा स्वतः करून बघा. मुख्य पडद्यावरचं ऑनलाइन सामग्रीचं बटण दाबलं की यादी उघडते: इंजिनांचे संच, नकाशे, संगणकाने चालवायच्या प्रतिस्पर्धी कंपन्या, संगीत. नाव टाकून शोधा, वर्णन वाचा, चौकटीत खूण करा. एखाद्या पॅकला दुसरं पॅक लागत असेल, तर तेही आपोआप निवडलं जातं. मग डाउनलोड. एवढं मात्र लक्षात ठेवा: पॅक उतरलं म्हणजे लागू झालं असं नाही. न्यूजीआरएफच्या यादीत ते चालू करावं लागतं, आणि तेही नवा डाव मांडण्याआधी. चालू डावात पॅकं बदललीत, तर गाड्या आणि कारखाने यांचा असा काही गोंधळ होतो की डाव सोडूनच द्यावा लागतो.

खरी करामत यादीत नाही, ओळख पटवण्यात आहे. प्रत्येक न्यूजीआरएफला स्वतःचा क्रमांक असतो आणि फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली एक खूण असते. साठवलेल्या डावात या दोन्ही नोंदलेल्या असतात. नाशिकहून भाच्याने डाव पाठवला की दोह्यातला गेम सांगतो, तुमच्याकडे अमुक पॅक नाही, शोधू का? पूर्वी हेच काम आम्ही फोनवर एकेका फाइलीचं नाव सांगून करायचो, तेही मिनिटाचे पैसे मोजत.

बाजारातले गेमही याच वाटेने गेले. फिफा मालिकेत २०१० आणि २०१४ च्या विश्वचषकांसाठी वेगळी चकती विकत घ्यावी लागायची. २०१२ ची युरो स्पर्धा ‘फिफा १२’मध्ये पैसे भरून उतरवायचं पॅक म्हणून आली. २०१८ चा विश्वचषक फुकट मिळाला, आणि २०२२ मध्ये तर आपलं लुसैल आणि अल बायत स्टेडियम ‘फिफा २३’मध्ये घरबसल्या येऊन पोचलं. पण हा दरवाजा आतूनच उघडतो: कंपनी देईल तेच आणि देईल तेव्हाच. शिवाय देशांच्या भिंती असतातच. एका कन्सोलवर, नाव घ्यायला नको, मुंबईत घेतलेल्या चकतीचं दोह्यातल्या खात्यावर घेतलेल्या पॅकशी जमत नाही, हे मी पैसे भरल्यावर शिकलो.

ओपनटीटीडीचं फडताळ सामाईक आहे. कुणीही घ्यावं आणि कुणीही ठेवावं. ठेवणारा फक्त एवढंच ठरवतो की इतरांनी ते कोणत्या परवान्यावर वापरायचं. म्हणजे तिथे काय आहे आणि काय नाही, हे कुठल्या कंपनीने ठरवलेलं नाही. ज्यांनी वेळ काढला त्यांनी ठरवलं आहे. गेमच्या भाषांतरांमध्ये मराठीचीही फाइल आहे. कुणीतरी ती सुरू केली, काही वाक्यं झाली, बाकीची अजून इंग्रजीत आहेत. वेल्श आणि आइसलँडिकही तिथे आहेत. आपल्या तुलनेत ते बोलणारे मूठभर.

आपण परदेशी मराठी माणसं मंडळाच्या गणपतीला कुणी सांगायची वाट न बघता सतरंज्या उचलतो. इथे मात्र वर्षानुवर्षं नुसतं घेत आलो, मीसुद्धा. गावांच्या नावांचं पॅक करायला चित्रकला लागत नाही. ते ‘एनएमएल’ नावाच्या सोप्या भाषेत लिहायचं असतं, बरंचसं नुसती यादी केल्यासारखं. या सुट्टीत मुलाला शेजारी बसवून मी ती यादी सुरू केली आहे. दादर, मनमाड, दौंड आणि कुर्डुवाडीपर्यंत आम्ही पोचलो. पुढची स्टेशनं तुमच्या गावाकडची आहेत. ती तुम्हीच घाला.