लांदोव्स्काबाईंचा वर्ग

वांदा लांदोव्स्का यांनी हार्पसिकॉर्ड पुन्हा मैफलीत आणले, अशी नोंद पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात सर्वत्र सापडते आणि ती खरी आहे. मात्र त्यांच्या कामगिरीचा हिशेब मांडताना बहुतेक जण मैफली आणि ध्वनिमुद्रिका यांपाशीच थांबतात. अर्धशतकभर त्यांनी जे शिकवले त्याच्या वाट्याला जेमतेम शेवटचा परिच्छेद येतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. हार्पसिकॉर्ड विसाव्या शतकात टिकले ते बाईंनी त्याचे वर्ग चालवले म्हणून. हे वाद्य बनवणारे त्यांच्या आधी होते, वाजवणारेही होते. ते रीतसर शिकावे, त्यावर पोट भरावे आणि पुढे दुसऱ्याला शिकवावे, ही वाट मात्र बुजली होती. ती वाट त्यांनी मोकळी केली.

वर्गाला एवढे महत्त्व का, हे वाद्याच्या रचनेतच दडलेले आहे. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते. बोट जितक्या जोराने पडेल तितका आवाज मोठा. हार्पसिकॉर्डच्या पट्टीच्या मागच्या टोकावर लाकडाची एक उभी, अरुंद चिपटी असते आणि तिच्यात पिसाच्या दांडीची किंवा चामड्याची बारीक नखी बसवलेली असते. पट्टी दाबली की चिपटी वर उचलली जाते आणि सतारीवर नखी पडावी तशी तार छेडली जाते. चिपटी खाली येताना नखी मागे झुकते, त्यामुळे तार दुसऱ्यांदा वाजत नाही. मग कापडाचा एक तुकडा तारेवर टेकून नाद थांबवतो. बोट कितीही जोरात आपटा, आवाज जवळपास तेवढाच राहतो. वादकाच्या हाती उरतो तो फक्त वेळ: स्वर किती धरायचा, कोणत्या क्षणी सोडायचा, पुढच्या स्वराआधी केसभर जागा ठेवायची की नाही. ही गोष्ट स्वरलिपीत नीट उतरत नाही. फ्रेंच संगीतकार फ्रान्स्वा कूपरँ याने १७१६ मध्ये या वादनावर पुस्तक लिहिले. मूल सहा-सात वर्षांचे असताना शिक्षण सुरू करावे, असे तो त्यात सांगतो. आणि आपण गेल्यावर मुलाने एकट्याने वाजवून शिकवलेले सगळे बिघडवू नये, म्हणून वाद्याची किल्लीच आपण सोबत घेऊन जातो, हेही सांगतो. शिक्षकाच्या कानाखेरीज हे वाद्य येत नाही, अशी त्याच्या काळातल्या सर्वात जाणत्या माणसाची खात्री होती.

म्हणूनच हार्पसिकॉर्डचे खरे नुकसान वाद्ये मोडल्याने झाले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत सरदार घराण्यांची वाद्ये जप्त झाली, पियानोने दिवाणखाने काबीज केले, तरी बरीच जुनी हार्पसिकॉर्डे वाड्यांत आणि संग्रहालयांत शाबूत राहिली. तुटली ती शिकवण. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटवार या संगीत विद्यालयात सुरुवातीला हार्पसिकॉर्ड शिकवले जाई. शतक उलटेपर्यंत तेही थांबले. त्यानंतरच्या पिढ्यांनी बाख आणि कूपरँ वाजवले, पण पियानोच्या हाताने.

इथे पहिला आक्षेप येतो. लांदोव्स्का पहिल्या नव्हत्याच. १८८९ च्या पॅरिसच्या विश्वप्रदर्शनात एरार आणि प्लेएल या पियानोच्या कारखान्यांनी नव्याने बनवलेली हार्पसिकॉर्डे मांडली होती आणि लुई दिएमेर त्या सुमारास ते वाद्य मैफलीत वाजवत होता. इंग्लंडमध्ये अर्नोल्ड डोलमेच याने १८९६ मध्ये स्वतः हार्पसिकॉर्ड घडवले. हे सारे बरोबर आहे. पण दिएमेरचे शिष्य कोण ते पाहा: आल्फ्रेड कॉर्तो, रोबेर काझादसु. दोघेही पियानोवादक. दिएमेर कॉन्झर्व्हेटवारमध्ये पियानोचाच प्राध्यापक होता. हार्पसिकॉर्ड हा त्याचा जोडछंद होता आणि त्याच्यानंतर त्या छंदाला वारस उरला नाही. डोलमेच मोठा कारागीर आणि अभ्यासक, पण त्याचे काम बरेचसे त्याच्या कुटुंबाभोवती आणि रसिकांच्या छोट्या वर्तुळात राहिले. पहिलेपणाचा मान त्यांना खुशाल द्यावा. कोणाच्या मागे वादकांची पिढी उभी राहिली, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

लांदोव्स्का १८७९ मध्ये वॉर्सामध्ये जन्मल्या, तिथेच पियानो शिकल्या, बर्लिनमध्ये रचनाशास्त्राचा अभ्यास करून १९०० मध्ये पॅरिसला आल्या. स्कोला कान्तोरुम या संस्थेत शिकवू लागल्या आणि १९०३ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर हार्पसिकॉर्ड वाजवले. पती हेन्री ल्यू यांच्या सहकार्याने त्यांनी १९०९ मध्ये प्राचीन संगीतावर पुस्तक प्रसिद्ध केले. प्लेएल कारखान्याने त्यांच्या सांगण्यावरून बनवलेले मोठे हार्पसिकॉर्ड १९१२ मध्ये ब्रेस्लाऊच्या बाख महोत्सवात प्रथम वाजले. माझ्या लेखी मात्र १९१३ हे वर्ष या सगळ्यांहून मोठे. त्या वर्षी बर्लिनच्या सरकारी संगीत विद्यालयाने त्यांच्यासाठी हार्पसिकॉर्डचा वर्ग उघडला. प्रवेश, अभ्यासक्रम, नेमलेला प्राध्यापक, अशा चौकटीत हे वाद्य शंभराहून अधिक वर्षांनी परतले. वर्षभरातच महायुद्ध पेटले आणि या पतिपत्नींना जर्मनीत नजरकैदेसारखे राहावे लागले, तरी वर्ग चालू राहिला. १९१९ मध्ये ल्यू मोटार अपघातात गेले.

पुढचा मुक्काम पॅरिसच्या उत्तरेला सँ-ल्यू-ला-फोरे या गावी. १९२५ मध्ये तिथे त्यांनी प्राचीन संगीताची शाळा काढली आणि दोन वर्षांनी घराच्या बागेत छोटे सभागृह बांधले. उन्हाळ्यात वर्ग भरे, एकाचा धडा बाकीचे बसून ऐकत. बाई प्रत्येक रचनेवर बोटांचे आकडे बारकाईने लिहीत, कारण कोणते बोट कुठे पडते यावरच पुढचा स्वर वेळेवर सुटेल की रेंगाळेल हे ठरते. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स हार्पसिकॉर्डवर संपूर्ण वाजवण्याचा त्यांचा गाजलेला कार्यक्रम १९३३ मध्ये झाला तो याच सभागृहात. त्या रचनेचे हिज मास्टर्स व्हॉइसचे ध्वनिमुद्रण त्यानंतरचे. मनुएल दे फाया आणि फ्रान्सिस पुलँक यांनी त्यांच्यासाठी नव्या रचना केल्या, हेही महत्त्वाचे. नवे लिहिले गेल्यावर ते वाजवायला नवे वादक लागतातच.

शिष्यांची यादी पाहिली की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बर्लिनच्या वर्गातल्या अ‍ॅलिस एलर्स पुढे अमेरिकेत गेल्या आणि कॅलिफोर्नियात त्यांनी पिढ्या घडवल्या. राल्फ कर्कपॅट्रिक येल विद्यापीठात शिकवू लागले आणि त्यांनी स्कार्लात्तीच्या सोनाटांना दिलेले क्रमांक आज जगभर वापरले जातात. रुज्जेरो जेर्लिन यांनी इटलीत वर्ग चालवला, तिथे केनेथ गिल्बर्ट शिकले. जी मुलगी बाईंपर्यंत पोहोचलीच नाही तिची हकीकतही बोलकी आहे. चेकोस्लोव्हाकियातल्या प्लझेन शहरातल्या झुझाना रुझिच्कोवाला तिच्या शिक्षिकेने बाईंकडे पाठवायचे ठरवले होते. नाझी आले आणि ती मुलगी तेरेझिन, आउशविट्झ, बर्गन-बेल्सन इथल्या छावण्यांत गेली. ती वाचली, बाखचे सारे कळफलकसंगीत तिने ध्वनिमुद्रित केले आणि प्रागमध्ये शिकवले. प्लझेनसारख्या शहरातल्या शिक्षिकेला गुणी मुलीला कुठे पाठवायचे हे ठाऊक असणे, यालाच मी वाट मोकळी होणे म्हणतो.

सँ-ल्यूची शाळा १९४० मध्ये संपली. बाई ज्यू होत्या. जर्मन सैन्य येण्याआधी त्या दक्षिणेकडे निघाल्या. मागे राहिलेली ग्रंथसंपदा आणि वाद्ये, त्यांत शोपँने मायोर्कात वापरलेला पियानोही, नाझींच्या संगीत-लुटीच्या पथकाने उचलून नेली. ७ डिसेंबर १९४१ ला, म्हणजे पर्ल हार्बरच्याच दिवशी, त्या शिष्या दनीझ रेस्तू यांच्यासह न्यूयॉर्कला उतरल्या. वय बासष्ट. तिथेही त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली, आणि १९५९ मध्ये कनेक्टिकटमधल्या लेकव्हिल इथे त्या वारल्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यांचे प्लेएल हे खरे हार्पसिकॉर्डच नव्हे, असे पुढच्या पिढीने म्हटले. जड बांधणी, घट्ट ताणलेल्या तारा, स्वरगट बदलायला पायाखाली पट्ट्या: अठराव्या शतकातल्या बहुतेक वाद्यांत यातले काही नव्हते. बोस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड, ब्रेमेनमध्ये मार्टिन स्कोव्रोनेक यांनी जुन्या नमुन्यांबरहुकूम हलकी वाद्ये बनवली आणि त्यांचा नाद ऐकल्यावर प्लेएल बोजड वाटते, हे मला मान्य आहे. शिवाय या नव्या विचाराचा अध्वर्यू गुस्ताव लेओनहार्ट बासेलला शिकला, बाईंकडे नव्हे. तेव्हा सगळी गंगा त्यांच्याच कमंडलूतून निघाली असे मी म्हणणार नाही. पण प्लेएल सोडून देणाऱ्यांत त्यांच्याच परंपरेतले लोक होते, हे विसरता येत नाही. जेर्लिनचे शिष्य गिल्बर्ट ऐतिहासिक वाद्यांचे मोठे पुरस्कर्ते झाले. ज्या वर्गातून गुरूचे वाद्य बाजूला सारणारे विद्यार्थी निघतात, त्याने वाद्यापलीकडचे काही दिले असले पाहिजे. ते म्हणजे जुन्या पोथ्यांकडे आणि सजावटीच्या खुणांकडे पुरावा म्हणून पाहण्याची सवय. प्लेएलमधला खालच्या सप्तकाचा, सोळा फुटी म्हणवला जाणारा तारांचा संच तर बाईंची मनमानी म्हणून हिणवला गेला. त्यांचे अखेरच्या काळातले शिष्य, कोलंबियाचे राफाएल पुयाना, यांनी पुढे हांबुर्गच्या हिएरोनिमुस आल्ब्रेख्त हास याने १७४० मध्ये बनवलेले तीन कळफलकांचे हार्पसिकॉर्ड मिळवले आणि ते दुरुस्त करून वाजवले. बाखच्या हयातीतल्या त्या वाद्यात सोळा फुटी संच आहे.