सौर पंप घेण्याआधी थोडा इतिहास



चाकणच्या कारखान्यांत रात्रभर दिवे असतात. तिथून पुढे खेड-जुन्नरच्या शिवारात शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. मग बिबट्याचा धाक असला तरी टॉर्च घेऊन पाणी धरायला जावंच लागतं. म्हणून आता गटागटात सौर पंपाची चौकशी होते. पैसे भरण्याआधी मागे काय घडलं ते पाहू या.

विहिरीवर आधी मोट होती, मग ऑइल इंजिन आलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 साली सुरू झाली. इंजिन धूर सोडायचं, डिझेलचा खर्चही व्हायचा. तरी लोकांचा त्यावर भरवसा होता. बिघडलं तर बाजाराच्या गावात मिस्त्री भेटायचा, सुटे भाग मिळायचे.

2006 साली राज्यात मोठं भारनियमन होतं. तेव्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी तोडगा निघाला. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे आणि त्यांची वाचलेली वीज शहराला द्यायची. जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलातून वसूल झाला. खात्रीची वीज शहराने अशी पैसे मोजून घेतली. गावांचं भारनियमन मात्र चालूच राहिलं.

आपल्याच जिल्ह्यातल्या दरेवाडी या आदिवासी वस्तीत विजेच्या ताराच पोचल्या नव्हत्या. तिथे 2012 साली ग्राम ऊर्जा आणि बॉश यांच्या मदतीने 9.4 किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. चाळीसेक घरांत वीज आली. घरोघरी मीटर बसले आणि कारभार गावाच्या ट्रस्टकडे आला. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात, म्हणून बिलाच्या पैशातून तरतूद ठरली. आपण गटात दरमहा बचत करतो, तसंच हे.

2024 पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी 5 टक्के. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची आहे. दिवसा पाणी मिळतं, हा मोठा फायदा. पण ढग आले की पंप मंदावतो.

तेव्हा अर्ज करताना विचारा: पंप बंद पडला तर कोण येणार, किती दिवसांत? सहाव्या वर्षी खर्च कोणाचा? पंप बसला की गटाच्या वहीत एक पान त्याला द्या. कधी बंद पडला, कधी सुरू झाला, किती खर्च आला, सगळं तारखेनिशी लिहा. पुढच्या मैत्रिणीने पंप घ्यावा की नाही, हे त्या पानावरून ठरवता येईल.