मालकांचे वकील आणि माहुलचा निवाडा

वकिलाचें नांव निघालें म्हणजे जमिनीचा कज्जा, भाऊबंदांची वाटणी किंवा फौजदारी खटला डोळ्यांपुढें उभा राहतो. मजूर कोणत्या अटींवर ठेवावा, त्यास रजा किती द्यावी, दूर करावयाचा तर कोणत्या रीतीनें, हें कारखानदारास सांगणारा वकील मात्र त्या मानानें अलीकडचा. मुंबईच्या कोटांतील सॉलिसिटरांच्या पेढ्या जुन्या. क्रॉफर्ड बेली ही पेढी 1830 सालची. परंतु पहिला कारखान्यांचा कायदा 1881 सालीं झाला, आणि तोही शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या यांत्रिक कारखान्यांपुरताच. कायदा थोडा, म्हणून सल्ल्याची गरजही थोडी.

पुढें हें चित्र पालटलें. 1923 सालीं अपघाताच्या भरपाईचा, 1926 सालीं कामगार संघांचा, 1938 सालीं मुंबई प्रांताचा औद्योगिक तंट्यांचा, 1946 सालीं स्थायी आदेशांचा आणि 1947 सालीं औद्योगिक विवादांचा, असे कायदे एकामागून एक आले. हजेरी, पाळी, शिस्तभंग, बडतर्फी यांचे नियम लेखी ठेवणें मोठ्या कारखान्यांस भाग पडलें. ते लिहून देणारा जाणकार मालकास हवासा झाला.

येथें एक चमत्कारिक गोष्ट दिसते. औद्योगिक विवादाच्या कायद्यानें समेटाच्या बोलण्यांत वकिलास मज्जाव केला होता. न्यायमंडळापुढेंही प्रतिपक्षाची संमति आणि मंडळाची परवानगी असल्यासच तो उभा राहूं शके. धनवान् मालकाच्या वकिलापुढें गरीब मजुराचें तोंड बंद होऊं नये, असा यांतील हेतु. मालकांच्या संघाचा अधिकारी मात्र बाजू मांडूं शकत असे. आणि असा अधिकारी स्वतः वकील असला तरी चालेल, असें सर्वोच्च न्यायालयानें 1976 सालीं ठरविलें. चव्हाट्यावर वकिलास अटकाव, म्हणून त्याचें खरें काम पडद्याआड, करारांच्या कागदांत झालें.

त्या कागदांचा प्रभाव कोठवर चालतो, याची परीक्षा माहुल येथील कारखान्याच्या प्रकरणांत झाली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील या कोळ्यांच्या गांवाशेजारीं 1954 सालीं स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला. यंत्रें व आवार स्वच्छ ठेवण्याचें काम कंपनीनें मक्तेदाराकडे दिलें होतें. ही माणसें राबत कंपनीच्या आवारांत. पण पगारपत्रकावर मक्तेदाराचीं. त्यांस नोकरीची शाश्वति नव्हती. तेव्हां कंपनीचे कायम कामगार त्यांच्यासाठीं उभे राहिले आणि मक्त्याची पद्धत बंद करावी, अशी मागणी त्यांनीं केली.

कंपनीचें म्हणणें सरळ होतें : हीं आमचीं माणसें नव्हेत, मग आमच्याशीं तंटा कसला ? 1960 सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा आक्षेप फेटाळला. कायम कामगारांचें हित या प्रश्नांत गुंतलें आहे, असें त्यानें मानलें. मक्ता बनावट नाहीं, हें न्यायालयानें धरून चाललें. तरीही तेवढ्यानें न्यायमंडळाचे हात बांधले जात नाहींत, असें सांगितलें. काम बारमाही आहे काय, कारखान्याच्या धंद्यास आवश्यक आहे काय, पुष्कळ माणसांस पूर्ण वेळ पुरेल इतकें आहे काय, आणि इतर कारखान्यांत तें कायम माणसेंच करतात काय, हें पाहावयाचें. लेखणी चोख असली तरी कामाचें स्वरूप तिनें बदलत नाहीं, हा त्या निवाड्याचा अर्थ.

याच कसोट्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यांत उतरल्या. मक्तेदारानें मजुरी बुडविल्यास ती मूळ मालकानें द्यावी, असेंही त्यांत घातलें गेलें. तेव्हांपासून मालकांच्या सल्लागारांस कराराच्या शब्दांइतकेंच झाडू धरणाऱ्या हाताकडेही पाहावें लागलें. परंतु मक्ता बंद झाला म्हणजे मजूर आपोआप कायम होतो असें नाहीं, असें 2001 सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. नंतर 2020 च्या संहितेनें मुख्य कामांत मक्त्याचे मजूर लावण्यास मनाई केली. मात्र जेथें साफसफाई हाच संस्थेचा धंदा नाहीं, तेथें ती मुख्य कामांत धरली नाहीं. माहुलच्या मजुरांनीं जें काम केलें, तेंच नेमकें अपवादांत गेलें. 1960 सालीं त्यांच्या बाजूनें लागलेला प्रश्न अशा रीतीनें पुन्हां वकिलांच्या मेजावर आला.