अधिवृक्क ग्रंथींतील गाठी : वृद्ध रुग्णांतील निदान

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींत उतारवयात गाठ सापडणे नवलाचे नाही. तिशीच्या आत शंभरांत एकालाही ती क्वचितच आढळते, सत्तरीनंतर मात्र सुमारे ७ ते १० जणांत. तीही बहुधा दुसऱ्याच तक्रारीसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये. एका बाजूची, एकजिनसी आणि कॉन्ट्रास्ट न देता १० हाउन्सफील्ड एककांपर्यंत घनता असलेली गाठ सौम्य मानतात. मात्र सौम्य गाठही कॉर्टिसॉल वाढवून रक्तदाब, मधुमेह आणि हाडांचा ठिसूळपणा वाढवू शकते, म्हणून रात्री १ मिग्रॅ. डेक्सामेथासोन देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजतात.

खरी कसोटी लागते ती दोन्ही ग्रंथी मोठ्या झाल्यावर. वजन घटलेले, अन्नावरची वासना गेलेली. अशा वृद्धाचा स्कॅन पाहून ‘कर्करोग पसरला’ असे ठरवणे सोपे आणि घातक आहे. फुप्फुसाचा कर्करोग व लिम्फोमा यांचा विचार करायलाच हवा. पण भारतात क्षयरोग आणि हिस्टोप्लाझ्मा बुरशीचा संसर्ग हेच चित्र दाखवतात, आणि दोन्हींवर औषधे आहेत. पेट स्कॅनने निकाल लागेल, असे कोणी म्हणेल. परंतु संसर्गग्रस्त ग्रंथीही त्यात कर्करोगासारख्याच उजळतात. त्याआधी कॉर्टिसॉल कमी पडत असल्याच्या खुणा रुग्णात पाहाव्यात: हिरड्या व तळहाताच्या रेषा काळवंडल्या आहेत का, उभे राहताच रक्तदाब उतरतो का, सोडियम कमी आहे का. सकाळचे कॉर्टिसॉल व एसीटीएच तपासावे. प्रकृती ढासळत असेल, तर रक्त घेऊन अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन सुरू करावे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन कॉर्टिसॉलचा निचरा वाढवते, त्यामुळे ही कमतरता नजरेआड राहिली तर उपचारच जिवावर बेततो.

सुई घालून तुकडा काढण्यावर आक्षेप आहे, आणि एका बाजूच्या गाठीपुरता तो रास्त आहे: सौम्य गाठ आणि ग्रंथीचा मूळ कर्करोग यांतला फरक त्यातून खात्रीने कळत नाही. फिओक्रोमोसायटोमा असल्यास सुईने रक्तदाब एकदम भडकू शकतो, म्हणून मेटानेफ्रिन तपासणी आधी हवीच. ती निर्धोक आली, की दोन्हीकडच्या संशयास्पद गाठींत बायोप्सी टाळण्याला वय हे कारण पुरत नाही. नमुना सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर कल्चर करता येत नाही. थोडा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा ठेवून क्षयरोग व बुरशी या दोन्हींच्या तपासणीला पाठवावा. संसर्ग बरा झाला तरी ग्रंथींचे काम सहसा पूर्ववत होत नाही. हायड्रोकॉर्टिसोन बहुधा जन्मभर घ्यावे लागते आणि ताप वा शस्त्रक्रियेच्या वेळी मात्रा वाढवावी लागते.